तेहतिसाव्या वर्षी क्लिपा

"लग्न झालं, लेकरू शाळेत जायलंय, आता कोण बघायला येणार हाय तुला?" शेजारच्या काकूंनी हे मायेनंच विचारलं. मी नुकतीच नांदेडहून परतले होते. ओठ नीट मिटत नव्हते, वरच्या दातांवर धातूच्या ठिपक्यांची रांग होती आणि बोलताना प्रत्येक 'स' ओला होऊन बाहेर पडत होता. हसून वेळ मारून न्यावी म्हटलं, तर हसताना खालचा ओठच तारेत अडकला.

मी किनवटला राहते. तालुक्यातल्याच एका गावच्या जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. माझा वरचा उजवा सुळा लहानपणापासून शेजारच्या दातावर चढून बसलेला. फोटो काढताना पदर किंवा हात तोंडावर जायचा, तो इतक्या सवयीनं की नवऱ्यालाही लग्नानंतर वर्षभर पत्ता नव्हता. पण क्लिपा लावल्या त्या फोटोसाठी नाही, हे मी ज्याला त्याला सांगते आणि कुणी विश्वास ठेवत नाही. त्या सुळ्याच्या मागं रोज घास अडकायचा. हिरडीतून रक्त यायचं. खालचे पुढचे दात तर एसटीच्या मागच्या बाकावर सहा जण बसावेत तसे दाटीवाटीनं तिरके बसलेले. ब्रश कुठं पोचायचाच नाही.

आणि रंग. माझं माहेर याच तालुक्यातलं. लहानपणी हापशाचं पाणी प्यायलो, सगळं गाव तेच प्यायचं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मधेच खडूसारखे पांढरे डाग. आम्हाला वाटायचं दात असेच असतात. वर्गात एखाद्याचे दात पांढरेशुभ्र दिसले की तो बदलून आलेल्या साहेबाचा पोरगा, हे न विचारता कळायचं. पाण्यातल्या फ्लोराइडनं हे होतं हे मला डी.एड.ला गेल्यावर समजलं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. किनवट तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या बोअरला ते याच्यावर निघालेलं आहे. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात गेलं की डाग दाताच्या घडणीतच उतरतो. मग घासून जात नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. हे मी दरवर्षी पालकसभेत सांगते. या डागांचा पुढं क्लिपांशी संबंध येणार आहे, म्हणून एवढं लिहिलं.

सुरुवात झाली दाढ ठणकल्यामुळं. २०२१ ची दिवाळी होती, चकली खाल्ली आणि खालची दाढ रात्रभर मारायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची मिश्रीची डबी घेऊन उभ्या राहिल्या. "बोटभर लाव, झोप लागते का नाही बघ." झोप लागली असती यात शंका नाही, जाळलेली तंबाखूच ती. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात गेले. कुठल्या गावात ते सांगत नाही. दाढ बघून झाली आणि तिथल्या डॉक्टरांची नजर सुळ्यावर गेली. "मॅडम, हे पण करून टाकू ना. पुढचे चार दात घासायचे, नस काढायची, वरून कॅप. पंधरा दिवसांत एका रेषेत. पांढरे पण होतील. तार-बिर लावून दोन वर्षं कोण बसतंय?" खरं सांगते, मला मोह झाला. पंधरा दिवस! पिवळेपण पण जाणार! घरी येऊन हिशोबही मांडला. पुढच्या बुधवारी या म्हणाले होते.

बुधवारी मी गेले नाही त्याचं श्रेय शाळेतल्या गणिताच्या सरांना. डबा खाताना मी सहज बोलले तर म्हणाले, "मॅडम, दात वाकडा आहे, किडलेला नाही. मग त्याची नस कामून काढायली?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वरचं कवच एकदा घासलं की पुन्हा येत नाही, आणि कॅपलाही वय असतं, ती कधी ना कधी बदलावी लागते. तेहतिसाव्या वर्षी चांगल्या चार दातांचे खुंट करून घ्यायचे, म्हणजे पुढची सगळी वर्षं कॅपच्या मागं फिरायचं.

मग किनवटमधल्याच दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरांकडं गेले. तरुण मुलगा, लहानसा दवाखाना, एकच खुर्ची. त्यांनी दाढ भरली, दोन बैठकींत दात साफ करून दिले. (साफ केल्यानं दात ढिले होतात हे मी आयुष्यभर ऐकत आले होते. ढिले होत नाहीत. वर्षानुवर्षांचा दगड निघाला की दातांच्या फटी मोकळ्या होतात आणि जिभेला तसं वाटतं.) सुळ्याचं विचारलं तर ते म्हणाले, "हे काम माझं नाही."

मला हे वाक्य फार आवडलं. आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही. पंपवाला मोटार बघतो, मोटारवाला वायरिंग बघतो, सगळे सगळं बघतात. त्यांनी समजावून सांगितलं की ते बी.डी.एस. आहेत, पाच वर्षांचा अभ्यास. त्यापुढं तीन वर्षांचं एम.डी.एस. असतं आणि त्याच्या नऊ वेगवेगळ्या शाखा. दात सरकवणारा तो ऑर्थो. पाटीवर नुसतं एम.डी.एस. बघून जाऊ नका, कशात ते विचारा, हिरड्यांचा एम.डी.एस. तार लावणारा नसतो. आणि हिरडीतून रक्त यायचं थांबल्याशिवाय कुणालाही तार लावू देऊ नका. दीड महिना मी फक्त नीट घासायला शिकले. रक्त थांबलं.

आता डॉक्टर शोधायचा. संभाजीनगरला घाटी दवाखान्याजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं एम.डी.एस. करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली उपचार करतात, खर्चही बाहेरच्यापेक्षा फार कमी. एका सहकारी मॅडमच्या भाचीचे दात तिथंच सरळ झालेले, मी स्वतः पाहिले होते, सुंदर काम. पण भाची संभाजीनगरातच राहणारी. किनवटहून महिन्याला एकदा म्हणजे एक रात्र जायला, एक रात्र यायला. आणि तार लावणं हे एकदाचं काम नाही, दोन वर्षं दर महिन्याला खुर्चीत बसायचं असतं. शेवटी नांदेड ठरवलं. आदिलाबादकडून येणारी गाडी धरायची, हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत उतरायचं, संध्याकाळच्या आत परत.

नांदेडला डॉक्टर लेनमध्ये एका गल्लीत जितके डॉक्टर आहेत तितके आमच्या सगळ्या तालुक्यात नसतील. मी आधी फोन केले, आणि फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. तार लावणारे डॉक्टर रोज असतात की बाहेरगावाहून येतात? एकूण पैशात शेवटचा रिटेनर, म्हणजे क्लिपा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायचं साधन, धरलाय का? आणि मधेच एखादी क्लिप निघाली तर? एका ठिकाणच्या मुलीनं तिन्ही प्रश्नांना "मॅडम, या आठवड्यात ऑफर चालू आहे" एवढंच उत्तर दिलं. दुसरीकडं डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. यात वाईट काही नाही, कित्येक तालुक्यांत असंच चालतं, पण ते आले नाहीत तर तोंडातलं काम तसंच राहतं. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर बाईंनीच फोन घेतला आणि उलट मलाच विचारलं, "तुम्ही किनवटच्या. दर महिन्याला येणं जमेल का? नसेल जमणार तर सुरूच करू नका." तिथंच गेले. ३५,००० रुपये, त्यात रिटेनर धरून. सुरुवातीला १०,००० आणि बाकीचे हप्त्यानं.

पहिल्या दिवशी त्यांनी तोंडात काहीच लावलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सगळ्या जबड्याचा एक एक्सरे, चेहऱ्याचा बाजूनं एक एक्सरे, फोटो, आणि मापं. मापं म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखं गुलाबी थंड काहीतरी पत्र्याच्या साच्यात भरून वरच्या जबड्यावर दाबून धरतात. घशाकडं ओघळ गेला की उमासा येतो. नाकानं श्वास घ्या, पायाची बोटं हलवा, असं त्या सांगत होत्या. पायाच्या बोटांचा इथं काय संबंध म्हणून मी बोटांकडं लक्ष देत राहिले आणि तेवढ्यात माप निघालं. पुढच्या वेळी टेबलावर माझ्याच दातांचे प्लॅस्टरचे ठसे. स्वतःचे दात असे हातात धरून मागून बघायला मिळतात तेव्हा जरा ओशाळायला होतं.

त्यांनी ठसा दाखवून सांगितलं, जागाच नाही. वरच्या दोन, खालच्या दोन, सुळ्यामागच्या चार लहान दाढा काढाव्या लागतील. त्या जागेत सुळा खाली आणि मागं घ्यायचा. मी विचारलं, दात हाडात रुतलेला असतो, तो सरकतो कसा? यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं: धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरण्यासारखं. दाताला हलका ताण दिला की ज्या बाजूला तो दाबला जातो तिकडचं हाड शरीरच कोरून काढतं, आणि मागं जी जागा सुटते तिथं नवं हाड भरून येतं. एका अंगानं कोरायचं, दुसऱ्या अंगानं भराव. फरक एवढाच की शेजाऱ्याशी भांडण होत नाही. जोर लावला तर उलट काम अडतं, मुळाला इजा होते. म्हणून दोन वर्षं. तालुक्यात कितीतरी धुरे याहून लवकर सरकलेत, पण ते असो.

घरी दाढा काढण्याचं सांगितलं आणि मामींनी ताट बाजूला सारलं. "चांगले दात कामून उपटायलीस? वरचा दात काढला की नजर जाते. माझ्या मावशीची गेली." मी डॉक्टरांना विचारलंच होतं. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. म्हातारपणी दातही जातात आणि मोतीबिंदूही येतो, दोन्ही एकाच वयात, म्हणून लोकांनी गाठ मारली असणार. खरं तर पुरावा समोरच बसलेला. मामींचे वरचे पाच दात मिश्रीनं कधीच नेले होते आणि तांदळातला खडा त्या अजून चष्म्याशिवाय टिपायच्या. हे मी बोलले नाही. सून आहे मी.

दाढा किनवटच्याच डॉक्टरांनी काढल्या. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन-दोन. सुन्न केल्यावर दुखत नाही, फक्त कडकड आवाज आपल्याच डोक्यात ऐकू येतो. खड्ड्यावरचा कापूस अर्धा तास दाबून धरायचा, त्या दिवशी चूळ भरायची नाही आणि थुंकायचं नाही, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते. आमच्याकडं थुंकायचं नाही हे पथ्य पाळायला फार अवघड.

मग जानेवारीत क्लिपा. त्याच्या आठवडाभर आधी मागच्या दाढांच्या फटींत रबराच्या लहान चकत्या घालतात, दाढेभोवती धातूचं कडं बसायला जागा व्हावी म्हणून. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त दुखलं ते या चकत्यांनी, क्लिपांनी नाही. दाढेत कणीस अडकलंय आणि काढायची परवानगी नाही, असे पाच दिवस.

क्लिप चिकटवायच्या आधी दातावर निळं जेल लावतात. ते आम्ल असतं. दाताचा वरचा थर किंचित खरबरीत होतो आणि त्यावर चिकटवायचा मसाला धरतो, निळ्या दिव्यानं तो घट्ट होतो. इथं माझं हापशाचं पाणी आडवं आलं. फ्लोराइडचे डाग असलेल्या दातावर आम्ल लवकर चालत नाही. इतरांपेक्षा जास्त वेळ जेल ठेवलं, तरी डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या क्लिपा निघणार. घाबरू नका, पण सांभाळून खा." बावीस महिन्यांत माझ्या सात निघाल्या.

पहिली तार दोऱ्यासारखी बारीक. ती त्यांनी बोटानं वेडीवाकडी वाकवली आणि कोमट पाण्यात बुडवली, तर नागीण सरळ व्हावी तशी आपोआप सरळ झाली. निकेल आणि टायटॅनियमची. तोंडाच्या उबेनं ती पुन्हा आपल्या आकारात येऊ बघते आणि दातांना सोबत ओढते. म्हणूनच ठणक लागली की माठातलं गार पाणी तोंडात धरलं तर घटकाभर बरं वाटायचं, तार सैल पडायची. तीन दिवस मी मुगाची खिचडी आणि कण्या खाल्ल्या. गालाला आतून फोड आले, त्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि टोचणाऱ्या क्लिपेवर मेणाचा गोळा. ते मेण डबीत मिळतं. मामींना ते पण चघळायचं वाटलं.

शाळेत मास्कनं माझी सोय केली होती. पहिले तीन महिने वर्गाला कळलंच नाही, फक्त मॅडमचा 'श' आणि 'स' कामून बिघडला एवढंच कोडं. २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला, मास्कची सक्ती गेली. सोमवारी शाळेत तोंड उघडलं आणि दुसरीतला एक पोरगा उभा राहिला. "मॅडम, दातात तारेचं कुंपण कामून केलं? डुकरं येतात का?" आमच्याकडं सोयाबीनला रानडुकरांचा त्रास आहे, त्याच्या हिशोबानं प्रश्न अगदी रास्त होता.

खाण्याविषयी मला कागद दिला होता. चिक्की नको, पॉपकॉर्न नको, च्युइंगगम नको. यातलं मी एकही रोज खात नव्हते. खरे शत्रू कागदावर नव्हतेच. ऊस. भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा. तव्यावर कडक केलेली शिळी भाकरी आणि तेल-चटणी. तिळगूळ, तो संक्रांतीला खडा होऊन बसतो. भाकरी मी सोडली नाही, वरणात कुस्करून काला करून खाल्ला, लेकराबरोबर एकाच ताटलीत. धपाटे मऊ, दह्यात बुडवून चालायचे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला चालायचा, फक्त त्यातले दाणे वेचून नवऱ्याच्या ताटात. पेरू चाकूनं कापून. दोन वर्षं मी दातानं काही तोडलं नाही, दोरासुद्धा.

एक गोष्ट कागदावरही नव्हती आणि डॉक्टरांनीही सांगितली नाही. तार क्लिपेत धरून ठेवायला बारीक रबराच्या चकत्या असतात, दर महिन्याला बदलतात. रंग विचारतात. मी शिक्षिका माणूस, दिसू नये म्हणून बिनरंगाच्या घेतल्या. घरी येऊन वरण-भात खाल्ला. रात्री आरशात बघते तर हळदीनं सगळ्या चकत्या पिवळ्याधमक! महिनाभर तशाच. पुढच्या वेळी करड्या घेतल्या. नंतर पोरांनी वर्गात मतदान घेऊन निळ्या ठरवल्या, तेव्हा निळ्या.

घासणं हा या सगळ्यातला खरा व्याप. क्लिपेच्या वरून एकदा, खालून एकदा, ब्रश तिरका धरून. मग बाटली धुतो तसला बोटाच्या पेराएवढा ब्रश मिळतो, तो तारेखालून प्रत्येक फटीत. सुरुवातीला मला वीस मिनिटं लागायची, नंतर आठ. दुपारी शाळेत डबा झाल्यावर हापशावर उभं राहून घासायचे तर वीस-पंचवीस पोरं गोल करून बघायची. कुणीतरी "मागची राहिली, मॅडम" असंही सांगायचं. कंटाळा केला तर क्लिपेभोवती अन्न साचतं आणि क्लिप निघाल्यावर तिथं चौकोनी पांढरा डाग राहतो. माझ्या दातांवर आधीच इतके डाग की नवा ओळखू आला नसता, पण ती सबब डॉक्टरांनी चालू दिली नाही. मी विचारलं, फ्लोराइडनं दात गेले, मग फ्लोराइडची पेस्ट कशी लावू? त्या म्हणाल्या, तुमचे दात घडून झाले आता. पेस्ट वरून लागते आणि थुंकून टाकायची असते, ती कीड थांबवते. लहान लेकराला मात्र वाटाण्याएवढीच द्या आणि गिळू देऊ नका.

सात क्लिपांपैकी पहिली गेली परभणीकडं, बहिणीच्या शेतात. हुरडा मऊ, तो सोसला. घात केला बोराच्या बीनं. दुसरी गेली ती आठवत नाही. तिसरी लेकराच्या डोक्यानं, तो मांडीवर उसळला तेव्हा. क्लिप निघाली तरी तारेत ओवलेली राहते, सैल बांगडीसारखी फिरत राहते. लगेच नांदेडला पळायची गरज नसते. मी फोटो पाठवायची, डॉक्टर सांगायच्या, मेण लावा आणि रविवारी या. तारेचं टोक गालात घुसलं तेव्हा मात्र रात्रभर झोप नाही. सकाळी किनवटच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत टोक कापलं, पैसे घेतले नाहीत. दोघा डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालेलं होतं, आणि हे बोलणं मीच सुरुवातीला करून ठेवलं होतं. लांब राहणाऱ्यानं ते करावंच.

पावसाळ्यात एका महिन्याला पैनगंगा चढली, गाड्या बंद, माझी तारीख हुकली. एक महिना हुकला तर काय बिघडतं असं मला वाटलं होतं. काही बिघडलं नाही, फक्त काहीच झालं नाही. दात आहे तिथंच.

शेवटच्या सहा महिन्यांत वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायचे होते, जेवण सोडून दिवसभर. ते बारीक रबर पाकिटात येतात आणि पाकिटावर प्राण्यांची चित्रं. माझा आधी ससा होता, मग कोल्हा. शिकवताना जांभई आली की रबर सुटून पहिल्या बाकावर. पोरं ते शोधून आणून द्यायची, धुळीनं माखलेलं. "मॅडम, तुमचा कोल्हा."

मामी एकदा माझ्याबरोबर नांदेडला आल्या. निमित्त गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाचं. दवाखान्यात बाकावर बसून सगळं निरखलं आणि माझं झाल्यावर डॉक्टरांना म्हणाल्या, "बाई, तिचे वाकडे होते ते सरळ केलेस. माझे हायतच नाहीत, मला काय करतीस?" डॉक्टर बाईंनी तोंड बघितलं, उरलेले दात हलवून बघितले, गालाच्या आतला मिश्रीचा पांढरा चट्टा बघितला आणि जरा गंभीर झाल्या. तो चट्टा आधी तपासून घ्या म्हणाल्या. तपासला, वाईट काही निघालं नाही. पण मिश्रीची डबी त्या दिवसापासून मामींच्या कनवटीतून गेली. पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही, सुतक आणि एकादशी धरून अधूनमधून. आणि कवळीचं विचारलं तर नांदेडच्या डॉक्टर म्हणाल्या, "हे काम माझं नाही. तुमच्या किनवटचे डॉक्टर छान करतात."

२०२३ च्या नोव्हेंबरात माझ्या क्लिपा निघाल्या. पक्कडीनं टक-टक करत दहा मिनिटांत. जीभ दातांवरून घसरत होती, इतकं गुळगुळीत. आरसा दिला. दात सरळ होते आणि जसे होते तसेच पिवळे. हे मला माहीत होतं, तरी क्षणभर वाटलं की रंग पण गेला असेल. डाग थोडे फिके करता येतात, करायचे का, असं विचारलं. मी नको म्हटलं. पैसेही संपले होते, आणि माहेरची तेवढी एक खूण राहू दे म्हटलं.

खालच्या दातांच्या मागं एक बारीक तार कायमची चिकटवली. वरच्याला काढता-घालता येणारा रिटेनर, टाळूला प्लॅस्टिकची गुलाबी पट्टी आणि पुढून तार. ही जात शंभरेक वर्षांपूर्वी हॉले नावाच्या दंतवैद्यानं काढली आणि अजून तीच चालते. पहिलं वर्ष जवळजवळ दिवसभर, मग रात्री. नवं हाड कच्चं असतं, दात जुन्या जागेकडं धावतात. मी हे गांभीर्यानं घेतलं नाही असं नाही, पण भाचीच्या लग्नात पंगतीला बसताना रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवला. पत्रावळी उचलणाऱ्या पोरानं सगळं एकत्र उचललं. नवरा, दोन दीर आणि मी रात्री अकराला मंडपामागच्या ढिगाऱ्यात बॅटरी घेऊन उभे. नाही सापडला. नवा होईपर्यंत बारा दिवस गेले आणि तेवढ्यात सुळा हलायला लागल्याचं मला स्पष्ट जाणवलं. नवा रिटेनर बसवताना घट्ट झाला. २,५०० रुपये, आणि डॉक्टरांनी एक निळी डबी फुकट दिली, "याच्याशिवाय कुठंही ठेवायचा नाही."

मामींची कवळी दिवाळीच्या आधी तयार झाली. पहिले पंधरा दिवस त्या ती खिशात घेऊन फिरल्या आणि लोकांना काढून दाखवत राहिल्या. आता रीतसर घालतात. किनवटच्या डॉक्टरांनी त्यांनाही रात्री काढून पाण्यात ठेवायची डबी दिली आहे. तीही निळीच, कंपनी एकच असणार. स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, दोन्ही डब्या ठेवलेल्या असतात. माझ्या डबीवर मी खडूनं माझं नाव लिहिलंय, पण ते ओल्या हातानं पुसलं जातं. पहाटे वीज नसते. परवा अंधारात मी डबी उघडली, हात घातला, आणि आतून मला अख्खी बत्तीशी लागली. माझ्या किंचाळण्यानं मामी उठल्या आणि अंथरुणातूनच ओरडल्या, "ठेव तिथंच! माझी हाय ती!"